फनेल वेब, फुरसं आणि आमची आत्या

सिडनीला शिफ्ट होतोय म्हटल्यावर चिपळूणच्या आत्याने पगार विचारला नाही, घरभाडं विचारलं नाही, थेट "अगं तिकडे कमोडमधून साप निघतात म्हणे!" कुणीतरी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला होता. आता ही बाई कोण, तर जिच्या परड्यात दर पावसाळ्यात फुरसं निघतं, जिने सरपणात नाग बघून लांबूनच हात जोडलेत, "जा रे बाबा" म्हटलंय आणि तो गेल्यावर त्याच सरपणातली लाकडं काढून चहा टाकलाय. ती मला सापांची भीती घालत होती!

तिला आकडे सांगून बघितले. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने साधारण बारा लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे आणि ऑस्ट्रेलियात वर्षाला जेमतेम दोन-तीन जातात. त्यावर ती म्हणाली, "ते असू दे गं, पण आपला साप आपल्याला माहीत असतो." मी हसले खरी, पण इथे आल्यावर कळलं की बाईचं काही चुकलं नव्हतं.

म्हणजे बघा, कोकणात आपल्याला कुणी क्लास लावून शिकवलेलं नसतं पण संध्याकाळी बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, चिऱ्यांच्या गडग्यात हात घालायचा नाही, चप्पल झटकून घालायची, वाटेने जाताना काठी आपटत जायचं हे सगळं अंगात भिनलेलं असतं. इथे सिडनीच्या हॉर्न्सबी उपनगरात घराच्या मागेच बुश, म्हणजे जंगल, सुरू होतं आणि तिथलं मला एबीसीडीसुद्धा येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात गाडीचा सन व्हायझर खाली केला तर त्यातून तळहाताएवढा कोळी टुणकन डॅशबोर्डवर. मी गाडी तशीच उघडी टाकून फुटपाथवर, आणि शेजारच्या आजी शांतपणे म्हणाल्या, हा हंट्समन, हा काही करत नाही, उलट झुरळं खातो. आणि ज्याला घाबरायचं तो फनेल वेब नावाचा विषारी कोळी दिसायला काळा, चकचकीत, अगदी किरकोळ.

या फनेल वेबची गंमत ऐका. उन्हाळ्यात, त्यातही पाऊस पडून गेला की नर बाहेर पडतात मादी शोधत आणि भटकत भटकत लोकांच्या बुटात, लॉन्ड्रीत, स्विमिंग पूलमध्ये. पूलच्या तळाशी मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही कारण तो पाण्याखाली कित्येक तास जिवंत राहू शकतो. पण इथले लोक त्याला मारत नाहीत, लांब चमच्याने बरणीत ढकलतात आणि नेऊन देतात! सिडनीच्या उत्तरेला ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे, तिथे नरांचं विष काढतात, ते थोडं थोडं सशांना टोचून त्यांच्या रक्तापासून विषावरचा उतारा (अँटीव्हेनम) बनतो. १९८१ साली हा उतारा आला आणि तेव्हापासून फनेल वेब चावून माणूस गेल्याची नोंद नाही.

मला हे ऐकून आमचे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवले. कोकणात लाल विंचू चावला की पूर्वी घरात रडारडच व्हायची, पोरं जायची हो. मग त्यांनी ब्लडप्रेशरची प्राझोसिन नावाची गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि चित्रच पालटलं. विंचू आहेत तिथेच आहेत, फक्त आता रडण्याआधी लोक गाडी काढतात.

इथे मुलांना तर बॅन्डेज बांधता येतं. साप चावला तर जखम धुवायची नाही, दोरी आवळायची नाही, अख्ख्या हातापायाला घट्ट पट्टी गुंडाळायची, हलायचं नाही आणि ट्रिपल झीरोला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला फोन (ही पट्टी इकडच्या सापांसाठी हां, फुरसं-घोणशीला ती बांधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा). आमचा मुलगा प्रॅक्टिस म्हणून बाबाचा पाय गुंडाळून ठेवतो आणि खेळायला निघून जातो. आणि इतकं सगळं शिकल्यावर कळतं की या देशात प्राण्यांमुळे मरणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर कोण, तर घोडा. त्याचा व्हिडिओ आत्याला कुणी पाठवत नाही.

मला विचाराल तर रोजच्या जगण्यात खरा दहशतवादी एकच, मॅगपाय. काळापांढरा पक्षी, गातो इतका गोड की वाटतं याच्या वाटेला कोण जाईल, पण ऑगस्ट ते ऑक्टोबर घरट्यात पिल्लं असली की काही नर मागून येऊन डोक्यावर झडप घालतात. सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकचे केबल टाय उभे लावून साळिंदरासारखे फिरतात. शिवाय हा पक्षी चेहरे लक्षात ठेवतो, म्हणजे एकदा तुमच्यावर राग धरला की पत्ता बदलणं सोपं.

गेल्या वर्षी आई आली होती ती नेमकी सप्टेंबरात. पितृपक्ष म्हणून तिने सर्वपित्रीला अंगणात पान वाढून ठेवलं, कावळा काही फिरकला नाही, मॅगपाय मात्र उतरला, भात-वडे खाल्ले आणि जाताजाता आईच्या अंबाड्यावर टोच मारून गेला. मी धावत छत्री घेऊन गेले तर ती डोकं चोळत अगदी समाधानाने म्हणाली, "तुझे आजोबाच असणार. जेवून उठले की माझ्यावरच खेकसायचे."