हायवे २०: विल्यम्स लेक ते बेला कूला, घाटासकट

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातला हा रस्ता साधारण ४५० किलोमीटरचा. विल्यम्स लेकहून निघतो, चिल्कोटिनचं गुराढोरांचं पठार ओलांडतो आणि कोस्ट माउंटन्समधून खाली बेला कूलाच्या खाडीशी संपतो. व्हँकुव्हरहून आधी विल्यम्स लेकपर्यंतच जवळजवळ साडेपाचशे किलोमीटर होतात, तेव्हा पहिला मुक्काम तिथेच. विचारणारे सगळे शेवटच्या घाटाबद्दल विचारतात. घाट अवघड आहेच, पण तिथे माणूस आपोआप सावध असतो. डोळा लागतो तो पठारावरच्या सरळ रस्त्यावर.

विल्यम्स लेकला टाकी काठोकाठ भरा. पुढे अलेक्सिस क्रीक, टाटला लेक, निम्पो लेक, अनाहिम लेक अशी मोजकी ठिकाणं आहेत, आणि पंप असला तरी संध्याकाळी उघडा असेलच असं नाही. अर्ध्यावर काटा आला की पुढच्या पंपावर भरायचं, एवढा एकच नियम पाळा. मोबाइलची रेंज बहुतेक रस्त्यावर नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि निघायच्या सकाळी ड्राइव्हबीसी या प्रांत सरकारच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघा. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा, बऱ्याच करारांत खडीचा रस्ता चालत नाही. स्टेपनी पूर्ण मापाची हवी. डोनट म्हणतात ती बारीक, तात्पुरती स्टेपनी खडीवर कामाची नाही.

शीप क्रीकच्या पुलावर फ्रेझर नदी ओलांडली की रस्ता वळणं घेत चढतो आणि रिस्के क्रीकच्या गवताळ माळावर येतो. इथून रँचांचा, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या कुरणांचा मुलूख. कुंपणं बघण्यासारखी आहेत: पाइनचे लांब ओंडके नागमोडी एकावर एक रचलेले, जमिनीत खांब पुरलेलाच नाही. जमीन दगडगोट्यांची, खड्डे खणणार कोण! पण पुष्कळ ठिकाणी कुंपणच नसतं आणि गुरं रस्त्यावर असतात. काळी गाय तिन्हीसांजेला डांबरावर बसलेली असते, दिव्यात फक्त डोळे चमकतात, तेही तिने मान वळवली तर. वासरू एका बाजूला आणि गाय दुसऱ्या बाजूला दिसली तर थांबाच, दोघांपैकी एक नक्की आडवं येणार. हॉर्नने उपयोग कमी, हळूहळू सरकत राहिलं की वाट देतात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं ते यासाठी. हरणं आणि मूस (घोड्याएवढी थोराड हरणं) आहेतच.

मध्येमध्ये कॅटल गार्ड लागतात: खड्ड्यावर आडवे लोखंडी पाइप. गुरांचे खूर त्यात अडकतात म्हणून ती ओलांडत नाहीत. ओल्या पाइपांवर ब्रेक मारू नका. आधीच वेग कमी करा आणि सरळ जा.

२०१७च्या वणव्यांत या पठारावरचं बरंच जंगल जळालं. जुलै-ऑगस्टमध्ये आग लागली तर रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून एक दिवस हातचा ठेवा. मुक्काम निम्पो किंवा अनाहिम लेकला करा. जूनमध्ये तिथले डास सोसवत नाहीत.

अनाहिम लेकनंतर डांबर संपतं. खडीवर समोरून ट्रक आला की उजवीकडे सरकून वेग कमी करा, नाहीतर काचेला खडा ठरलेला. मग हेकमन पास, १,५२४ मीटर, आणि तिथून घाट. सरकारी अभियंत्यांनी अशक्य म्हणून सोडलेला हा तुकडा स्थानिकांनी स्वतः खोदला. वरून आणि खालून आलेले दोन बुलडोझर सप्टेंबर १९५३मध्ये एकमेकांना भिडले. उतार काही ठिकाणी १८ टक्के, कठडे नाहीत, काही जागी एकच गाडी मावते.

आपल्याकडचा जुना नियम इथेही लागू: ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर वरच थांबून ‘एल’ (लो) किंवा पहिला गियर टाका, हायब्रिडमध्ये ‘बी’, म्हणजे गाडी इंजिननेच आवरली जाते. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. सतत दाबून ठेवला की पॅड तापून पकड जाते, आणि जुन्या ब्रेक ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ दबते, पेडल तळाला जातं, गाडी थांबत नाही. ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर निघण्याआधी बदला. जळका वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, ब्रेकची डिस्क वाकडी होते. चढणाऱ्या गाडीला वाट द्या. पाऊस असेल तर माती साबणासारखी होते, तेव्हा अनाहिमलाच थांबलेलं बरं.

खाली उतरलं की ट्वीड्समुइर या संरक्षित उद्यानातली देवदारांची गार सावली आणि अटनार्को नदी. सप्टेंबरात सामन मासे नदीत वर चढतात आणि त्यांच्यामागे ग्रिझली अस्वलं येतात. गाडीतून उतरायचं ते नदीकाठी अस्वलं बघण्यासाठी बांधलेल्या बेलार्कोच्या पाहणी-मंचावर. अस्वलांना पळवणारा तिखट स्प्रे कमरेला हवा, डिकीत नको. खाण्याचं सगळं गाडीत, काचा बंद. पुढचं हेगन्सबोर्ग १८९४मध्ये नॉर्वेजियनांनी वसवलेलं.

परतीचा घाट नको असेल तर उन्हाळ्यात बेला कूलाहून व्हँकुव्हर बेटावरच्या पोर्ट हार्डीला बोट जाते. गाडीची जागा आधीच राखून ठेवा. घाटानेच परतणार असाल तर चढताना एसी बंद, नजर तापमानाच्या काट्यावर. काटा वर सरकला तर हीटर पूर्ण सुरू करा, खिडक्या उघडा आणि पहिल्या रुंद वळणावर थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.