जुनं सिम चालू ठेवायचं, पण किती पैशात?

"काका, जुन्या सिममध्ये वीस रुपये टाकून ठेवले की झालं नं?" नागपूरच्या बर्डीवर भेटलेला माणूस असो की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला, हे विचारतोच. माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे ओटीपी न आलेली मंडळी अजूनही माझ्याकडे येतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

वीस रुपयांचा नियम खरा आहे, पण नवा नाही. 'ट्राय'ने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तो २०१३ मध्ये केला. प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस काहीच घडलं नाही, म्हणजे फोन आला-गेला नाही, मेसेज पाठवला नाही, नेट वापरलं नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. मात्र सिमच्या खात्यात २० रुपये किंवा जास्त असतील तर तेवढे कापून नंबर आणखी ३० दिवस राखायचा. तरीही बंद पडला तर १५ दिवसांच्या आत, फार तर २० रुपये भरून, तो परत सुरू करून मिळतो.

आता यातली गोम. हे २० रुपये मेन बॅलन्समध्ये लागतात, आणि पॅकचे पैसे तिथे जात नाहीत. बरं, वीसचा टॉपअप मारला तर कर वगैरे जाऊन हाती १४.९५ पडतात. दहाचे तीन मारा, तेव्हा कुठे २२.४१ होतात. शिवाय नंबर आपल्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. पॅक संपला की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग. काही जण अजून "माझं तर लाइफटाइम आहे", म्हणजे रिचार्ज न करता इनकमिंग कायम चालू, असं म्हणतात. अहो, २०१८ च्या अखेरीस ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आले तेव्हाच ते लाइफटाइम आटोपलं!

म्हणून मी उलट विचारतो: त्या नंबरवर नेमकं काय यायला हवं? फक्त बँकेचा मेसेज? मग शाखेत अर्ज द्या, रोजचा नंबर जोडून घ्या आणि जुन्याचा खर्चच मिटवा. फोनही यायला हवेत, जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर येतात, तर वर्षाचा पॅक बघा. डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने कंपन्यांना नेट नसलेले, फक्त कॉल-मेसेजचे पॅक देणं सक्तीचं केलं आणि अशा पॅकच्या मुदतीची मर्यादा ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचा असा पॅक १,८४९ रुपयांत ३६५ दिवसांचा होता. त्या वेळी २८ दिवसांचा १९९ चा पॅक वर्षात १३ वेळा मारला तर २,५८७ होत. जिओचा १,७४८ चा स्वस्त दिसे, पण तो ३३६ दिवसांचा. दर बदलत राहतात, तेव्हा किमतीला दिवसांनी भागल्याशिवाय पैसे देऊ नका. बीएसएनएलचे दरही बघून घ्या; १९०० वर मेसेज करून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

आणि सोडायचाच असेल तर सिम चालू असतानाच सोडा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. तुमच्या खात्याचे मेसेज मग त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार. अशा बंद नंबरांची यादी बँकांनी आणि यूपीआय ॲपांनी आठवड्यातून एकदा तरी तपासून आपली नोंद दुरुस्त करावी, असं २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंधनकारक केलं आहे. पण तुमचा गॅस, विमा, आधार त्या यादीच्या भरवशावर टाकू नका. आधी आधार बदला, मग बँक. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्येही नंबर बदलायची सोय आहे.