समर टायरवर हिवाळ्यातला घाट

गाडी ताब्यात घ्यायला पोचलो तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते आणि बाहेर २ अंश तापमान. आधीच्या मालकांनी गॅरेजचं शटर वर केलं आणि खरं सांगतो, ती गाडी समोर दिसल्यावर टायर बघायचं भानच राहिलं नाही. ४५० हॉर्सपॉवर, इंजिन पुढे, सगळी ताकद मागच्या दोन चाकांना, गिअर मॅन्युअल. कितीतरी वर्षं मनात धरून ठेवलेली गाडी. धाकटा भाऊ मात्र खाली उकिडवा बसून टायरवरून हात फिरवत होता. म्हणाला, "दादा, हे समर टायर आहेत. हात लावून बघ, दगड झालेत."

हात लावला. नख रुतत नव्हतं. मालक म्हणाले ट्रेड, म्हणजे टायरच्या खाचांची खोली, ६ मिलिमीटर आहे, टायर जवळपास नवेच आहेत, आणि ते खरंही होतं. पण ट्रेड हा त्या दिवशीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न रबराचा होता. पुढे ४१० किलोमीटर जायचं, मधे एक मोठा घाट, हवामानाचा अंदाज म्हणत होता दुपारपर्यंत कोरडं, मग ढग. सुट्टी एकाच दिवसाची. निघालो.

पहिला धडा गावाच्या वेशीवरच मिळाला. रस्ता कोरडा ठणठणीत, ऊन पडलेलं, बर्फाचा कणही नाही. गोल चौकातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमधे, जेमतेम ४० च्या वेगाला, मी ॲक्सिलरेटर थोडा दाबला, म्हणजे रोजच्या गाडीत दाबतो तेवढाच, आणि मागची बाजू एका झटक्यात बाहेर गेली. आवाज नाही, काही नाही. ईएससीने, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेने, लगेच सावरलं, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. पण मला त्या शांततेची जास्त भीती वाटली. उन्हाळ्यात टायर सुटायच्या आधी किंचाळतात, स्टिअरिंगमधून कळतं की आता पुरे. गार टायर काहीच सांगत नाही, धरलंय धरलंय म्हणता म्हणता सोडून देतो.

याचं कारण असं की टायरचं रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून त्याला धरतं आणि त्यासाठी ते मऊ, लवचिक राहावं लागतं. समर टायरचं मिश्रण गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं, तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ते ताठ व्हायला लागतं. ७ ही काही लक्ष्मणरेषा नाही, ढोबळ आकडा आहे, प्रत्येक टायरचं वेगळं असतं, आणि जितका टायर ट्रॅकवर पळवण्यासाठी बनवलेला तितका तो थंडीत जास्त बिघडतो. काही कंपन्या तर त्यांचे असे टायर शून्याच्या खाली वापरूच नका म्हणून स्पष्ट लिहितात, कारण गारठलेल्या रबराला वाकवलं तर चिरा पडू शकतात. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि मागची चाकं पायाखालून सरकताना कमरेत जाणवणं वेगळं.

पेट्रोल पंपावर थांबून हवा बघितली. चारही टायरमधे कमी. गेल्या वेळी हवा भरली तेव्हा उन्हाळा असणार, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण पावणेदोन पीएसआयने उतरतो. गार टायरमधेच कंपनीने दिलेल्या आकड्याएवढी हवा भरून घेतली. गाडी बर्फ-पावसाच्या मोडवर टाकली, त्यात ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन हळूहळूच ताकद सोडतं. भाऊ म्हणाला, "आता तिसऱ्या-चौथ्यात चालव, दुसरा विसर." बरोबर होतं त्याचं. चाकं फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, एवढा असलेल्या गाडीत खालचा गिअर म्हणजे हातोडा.

हायवेचे २०० किलोमीटर मात्र छान गेले आणि तीच गोम होती. सरळ रस्त्यावर टायर थोडे कोमट होतात, काही बिघडलंय असं वाटतच नाही, इंजिनचा आवाज कानाला गोड लागतो आणि सकाळचा चौक मागे पडतो. मी पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवलं होतं, ते कमी होत होत दुप्पट झालं, माझ्याही नकळत. मग एका नदीवरचा पूल आला. पुलाला खालूनही गार वारा लागतो आणि वरूनही, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून रस्ता ओला असतो तेव्हा पूल आधी गोठलेला असतो. डांबर नुसतं ओलं दिसत होतं, काळंभोर, चकचकीत. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काही नसल्यासारखं. मी काहीच केलं नाही, ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर ना वळण, नुसतं क्लच दाबून चाकं मोकळी सोडली आणि गाडी ८० च्या वेगाने पलीकडे गेली. पलीकडे गेल्यावर दोघंही बराच वेळ बोललो नाही.

नंतर मी मनातल्या मनात हिशोब केला. ८० च्या वेगाला कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तर गाडी साधारण ३० मीटरमधे थांबते. घट्ट दाबलेल्या बर्फावर पकड पाव होते, म्हणजे सव्वाशे मीटर लागतात, आणि पुलावरच्या त्या काचेसारख्या थरावर अडीचशे. यात पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. गाडी ४५० हॉर्सपॉवरची असो नाहीतर ६० ची, हा हिशोब बदलत नाही.

घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत दुपार झाली आणि ढग अंदाजाच्या दोन तास आधी आले. ३ अंशांवर डॅशबोर्डवर ते हिमकणाचं चिन्ह टुंग करून लागलं. चढ सुरू झाला तेव्हा भुरभुर होती, पाचव्या किलोमीटरला रस्ता पांढरा. मी इथे परतायला हवं होतं. तसं स्वच्छ वाटलंही होतं मला, पण वरची खिंड सातच किलोमीटर राहिली होती आणि मी पुढे गेलो, ही चूक माझी.

सातव्या किलोमीटरला पुढचा ट्रक थांबला म्हणून थांबावं लागलं. ट्रक गेला, आम्ही नाही. दुसऱ्या गिअरमधे, क्लच एवढासा सोडत, तरी मागची चाकं जागच्या जागी फिरायची, ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापायचं, गाडी खुर्र करून गप्प. खाली उतरून बघितलं तर टायरच्या सगळ्या खाचांमधे बर्फ गच्च भरून गुळगुळीत पट्टा झालेला. समर टायरच्या खाचा रुंद आणि सरळ असतात, पाणी बाहेर फेकायला. विंटर टायरच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक नागमोडी चिरा असतात, त्या उघडतात, बर्फ पकडतात, आणि टायरमधला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. शिवाय आमचे मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद. डांबरावर हीच रुंदी गाडीची शान, भुसभुशीत बर्फावर तीच गाडीला तरंगवते. आम्ही तिथे उभे असताना एक छोटी हॅचबॅक शेजारून शांतपणे वर चढून गेली. तिचे टायर अरुंद होते आणि बाजूला तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह होतं. नुसतं एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फासाठी, असं लिहिलेलं असलं तर ते कंपनीचं आपलं म्हणणं, हे चिन्ह मात्र बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं.

वळून खाली जायचं ठरवलं. चढण्यापेक्षा उतरणं दहा पट कठीण, हे कुणी कितीही सांगितलं तरी अनुभवल्याशिवाय पटत नाही. रस्त्याला ८ टक्के उतार होता. टायरची पकड ही एकच शिल्लक असते, त्यातूनच ब्रेक, त्यातूनच वळण, आणि उतारावर त्या शिलकेचा मोठा भाग गाडीला नुसतं धरून ठेवण्यातच खर्च होतो. पहिला गिअर टाकला तर इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, ती जखडतात आणि शेपूट फिरतं, म्हणून दुसरा गिअर आणि ब्रेकवर पायाचं नुसतं वजन. वेग १० ते १२. ब्रेक मारताना चाकं जखडू न देणारं एबीएस पायाखाली सतत थरथरत होतं.

दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ कठड्याकडे, माणूस चालतो त्या वेगाने, अगदी आवाज न करता. एवढ्या हळू की विचार करायला वेळ होता आणि करण्यासारखं काही नव्हतं. भाऊ ओरडला, "दादा, ब्रेक सोड!" सोडला, पूर्ण सोडला, आणि पुढच्या चाकांना वळण्यापुरती पकड परत मिळाली. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावरून वळली. त्यानंतर आम्ही एका बाजूची दोन चाकं रस्त्याकडेच्या खडीवर ठेवून उतरलो, तिथे न दाबलेला बर्फ आणि खाली खडी, तेवढाच आधार. भाऊ प्रत्येक वळणाआधी उतरून पुढे चालत जायचा, खालून कुणी येत नाही बघून हात करायचा. सात किलोमीटरला एक तास दहा मिनिटं लागली. डिसेंबरच्या त्या थंडीत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

पायथ्याच्या पेट्रोल पंपावर परवानगी घेऊन गाडी शेडमधे लावली आणि आम्ही बसने गेलो.

दहा दिवसांनी परत आलो, विंटर टायरचा सेट घेऊन, एक इंच लहान रिम आणि मागे २६५ चे टायर. बसवले, नट टॉर्क रेंचने आवळले, ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे हे भावाने फोनमधे लिहून ठेवलं. घाटात पुन्हा बर्फ होता, त्या दिवशीपेक्षा थोडा जास्तच. वेग तीसच्या वर नेला नाही, टायर बदलले म्हणून बर्फाचं डांबर होत नाही. ट्रक थांबला होता त्या जागी मी मुद्दाम थांबलो आणि पुन्हा निघालो, दुसऱ्या गिअरमधे, पिवळा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. खिंड ओलांडून पलीकडे उतरताना तसंच एक तीव्र वळण आलं. स्टिअरिंग फिरवलं, गाडी वळली. भावाने काच खाली केली, गार वारा आत आला, तो म्हणाला, "ऐक."

टायरखाली बर्फ करकर वाजत होता.