साबुदाणा एकाच मंगळवारचा

आजोबांना आजी बाजाराची यादी सांगायची तेव्हा ते प्रत्येक शब्द तिला परत म्हणून दाखवायचे. "दोन नारळ." "दोन नारळ." "अर्धा किलो कांदे." "अर्धा किलो कांदे." लहानपणी मला वाटायचं, त्यांना कमी ऐकू येतं. खरं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. आजोबा बोटीवर सुकाणी होते. साहेबाने 'स्टारबोर्ड टेन' म्हटलं की चाक फिरवण्याआधी सुकाण्याने 'स्टारबोर्ड टेन, सर' म्हणायचंच असतं. "मोठ्याने म्हटलं की चूक धरायला दोघं असतात," ते म्हणायचे.

दाभोळहून निघालेला हा माणूस खलाशी म्हणून लागला आणि सुकाणी म्हणून उतरला. रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, ओडेसा, योकोहामा, वालपरायझो. त्यांची नळी अजून कपाटात आहे. नळी म्हणजे खलाशाच्या नोकरीचं पुस्तक. पूर्वी हे कागद पत्र्याच्या नळीत ठेवत, तेच नाव पुढे पुस्तकाला चिकटलं. पानोपानी बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखा, पुढे काम 'व्हेरी गुड', वर्तणूक 'व्हेरी गुड'. आजीने एकदा ते सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "घरच्या वर्तणुकीचा शिक्का कुठल्या पानावर?"

तिचा राग जुना होता. बाबा जून 1967 मधले. आजोबांची बोट युरोपातून परत निघालेली, बारशाला पोचतील असा हिशेब. 5 जूनला अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि सुएझ कालवा बंद झाला, तो पुढे आठ वर्षं. बोटीला आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं. चार हजारांवर मैल वाढले, म्हणजे त्यांच्या बोटीच्या वेगाने दोन आठवडे. बारसं आजोबांशिवाय झालं. आजी कायम 'तो मेला कालवा' असंच म्हणायची, जणू शेजारच्या आळीतला कुणी माणूस.

मला सगळ्यात आवडायची ती अंगारकीची गोष्ट. योकोहामाहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना वाररेषा ओलांडली की तोच वार पुन्हा येतो. त्या खेपेला मंगळवार दोनदा आला आणि पहिल्या मंगळवारी अंगारकी. आजोबांनी उपास केला, चंद्र बघून सोडला. सकाळी उठले तर बोटीच्या फळ्यावर परत मंगळवार! बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, रत्नागिरीकडचा मुसलमान. त्याला किब्ल्याची, म्हणजे नमाजाची दिशा आजोबा कंपासवर बघून सांगायचे, त्यामुळे दोघांचं देवाधर्माचं खातं एकत्रच. आजोबा त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "सुकाणी, साबुदाणा एकाच मंगळवारचा आहे."

आजोबांनी विचार केला. फळा काही म्हणो, चंद्र थोडाच फळा वाचतो? तो पंचमीचाच उगवणार. मग ते पोटभर जेवले. परतीच्या वाटेवर एक अख्खा गुरुवार गायब झाला, त्याबद्दल दत्ताला काय सांगितलं ते मात्र कधी बोलले नाहीत.

हीच गोष्ट ते ओटीवरच्या शिकवणीत गणित म्हणून घालायचे. निवृत्तीनंतर गावातली पाचवी ते दहावीची पोरं त्यांच्याकडे यायची. फी नाही, पण प्रश्न आधी मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच पाटीला हात लावायचा. पनामा कालव्यातून अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना बोट कुठल्या दिशेला जाते? सगळे ओरडायचे, पश्चिमेला! आजोबा नकाशा पुढे सरकवायचे. कालवा तिरका आहे, बोट आग्नेयेला जाते. पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडाहून पूर्वेला पडतं. पोरं नकाशा उलटासुलटा करून बघायची. खरं सांगायचं तर शिक्षक म्हणून ते फार गोड नव्हते. चुकलं की दोरी हातात द्यायचे, 'दहा सुरगाठी, दहा निरगाठी, मग बोल.' पंधरा गाठींनंतर माझी बोटं सोलवटलेली मला आठवतात.

भरतीचा हिशेब मात्र जगभर फिरूनही त्यांनी गावचाच ठेवला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडंफार इकडेतिकडे. संध्याकाळी जेटीवर बसून धोपाव्याहून येणारी फेरीबोट बघायचे आणि ती धक्क्याला जरा वाकडी लागली की पुटपुटायचे, "पाणी वळलंय, घाई कशाला?"

गेल्या माघात ते गेले. अस्थी खाडीत सोडायच्या तर पाणी ओहोटीला लागल्यावर सोडाव्यात, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. काका-बाबांनी भरतीची वेळ बघायला मोबाइल काढले, पण जेटीवर रेंज नाही. मी विचारलं, "तिथी कुठली?"

"षष्ठी."

"षष्ठी," मी मोठ्याने परत म्हटलं. सहा त्रिक अठरा, भागिले चार. साडेचार. आम्ही होडीत बसून राहिलो. पाण्यावर एक नारळाची झावळी तरंगत होती, ती आधी आत चाललेली, मग एका जागी थांबली, मग हळूच समुद्राकडे फिरली. घड्याळात चार पस्तीस झाले होते.

घरी आल्यावर आजीला सांगितलं, हिशेब बरोबर आला, फक्त पाच मिनिटं उशीर झाला.

"पाचच?" आजी म्हणाली. "त्यांच्या मानाने लवकर."