रफाह, टॉवेल आणि अम्मीचं नाव

7 मे 2024 ला सोलापुरात लोकसभेचं मतदान होतं. सकाळी साडेदहालाच ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि मी अम्मीला घेऊन शाळेबाहेरच्या टेबलापाशी उभा, कारण तिचं नाव यादीत सापडेना. टेबलावरचा पोरगा मोबाईलवर सर्च मारतोय, स्पेलिंग बदलून बघतोय, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर व्हिडिओ पडला, इस्रायलच्या रणगाड्यांनी गाझा-इजिप्त सीमेवरच्या रफाहच्या नाक्याचा गाझाकडच्या बाजूचा ताबा घेतला. रांगेतले चार-पाच जण माझ्या खांद्यावरनं डोकावले, एकजण 'या अल्लाह' म्हणाला. अम्मी म्हणाली, "पैले मेरा नाम देख रे बाबा."

नाव सापडलं एकदाचं, पण जुन्या पत्त्यावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षा केली, गेलो, तिनं बटण दाबलं, घरी आलो. घर बदलून तीन वर्षं झालेली आणि मतदार यादीत पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरायचं काम माझंच होतं, त्यामुळे शिव्या तरी कुणाला घालणार. गाझातलं खान युनूस कुठं, देर अल-बलाह कुठं ते मला नकाशावर बोट ठेवून सांगता येतं, अन् आपला प्रभाग नंबर कोणी विचारला की मी डोकं खाजवतो.

ऑफिसात एकजण नेहमी टोमणा मारतो, तुम्हाला इथलं सोडून तिथलंच का पडलंय बे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. 2023 च्या शेवटी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी गाझाचं नाव घेत तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त आणि भाडं कुठल्या कुठं. न्हावा शेवा बंदरात माल पडून राहिला की इथं मागावरच्या कामगाराचा आठवड्याचा पगार लांबतो, मग तो पद्मशाली असो की मुसलमान. टोमणा मारणाराही त्याच कारखान्यात पगार घेतो, म्हणजे 'तिथलं' त्यालाही पडलेलंच आहे की, फक्त त्याला माहीत नाही. आणि आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, तिथंच वारले, त्यांचा तर आपण सगळेच अभिमान बाळगतो.

पण खरं सांगायचं तर जुम्म्यानंतर विजापूर वेशीतल्या चहाच्या टपरीवर गाझाबद्दल बोलणं आम्हाला सोपं पण जातं. तिथं कुणी हिशोब मागत नाही. पाण्याचं बोलायला गेलं की कुणाकडं जायचं हाच प्रश्न, 2022 च्या मार्चपासून कितीतरी दिवस महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. नळ चार-पाच दिवसांनी येणार. आणि विधानसभेचा विषय निघाला की चहा थंड होतो. आमच्या सोलापूर शहर मध्य मतदारसंघात 2014, 2019, 2024, तिन्ही वेळा एमआयएमचा माणूस दुसऱ्या नंबरवर, मग मतं फुटली की फोडली यावर दोन मामू एकमेकांशी आठवडाभर बोलत नाहीत. गटाराचं झाकण मात्र तसंच उघडं. उमेदवार येतात, स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना हार घालतात, आमच्या गल्लीत आले की कुर्बान हुसेन यांचं नाव जरा जास्त जोरात घेतात (1931 ला फाशी गेलेला पोरगा तो, वर्तमानपत्र काढायचा), आणि झाकणावरून उडी मारून पुढं जातात.

फॉर्म 8 मी जूनमध्ये भरला. दोन महिन्यांनी एक बाई रजिस्टर घेऊन दारात आल्या, अम्मीनं त्यांना चहा पाजला आणि स्वतःचं नाव तीनदा वाचून दाखवायला लावलं. त्या निघाल्या तसा बाहेर कोणीतरी ओरडलं, "पानी आया रे!" सही तशीच अर्धी राहिली, अम्मी हंडा घेऊन पळाली.