सैल मोल्ड

मॉनिटर इंजिनिअर म्हणजे नक्की काय, हे मला घरच्यांनाही आजवर नीट समजावता आलेलं नाही. मैदानाच्या मध्ये टेबल लावून बसतो आणि लोकांना ऐकू येणारा आवाज बनवतो, तो माणूस वेगळा. मी स्टेजच्या कडेला, काळ्या पडद्याआड असतो. स्टेजवरच्या प्रत्येकाच्या कानात जे जातं ते मी बनवतो. ड्रमरला क्लिक, म्हणजे ताल धरायची टकटक, आणि बेस हवा असतो. गिटारवाल्याला फक्त गिटार, ती कितीही दिली तरी कमीच. गायिकेला स्वतःचा आवाज हवा, पण नेमका हवा तेवढाच. जास्त दिला तर ती हात राखून गाते आणि सूर खाली येतो. कमी दिला तर ओरडायला लागते आणि तिसऱ्या गाण्याला घसा बसतो.

शो चालू असताना माझ्या हेडफोनमध्ये तिचंच मिक्स असतं. म्हणजे दीड तास ती जे ऐकते तेच मी ऐकतो. शिवाय माइक तिच्या ओठांना टेकलेला, त्यामुळे लोकांपर्यंत न पोचणारंही बरंच काही कळतं. श्वास कुठे तुटतो, दोन ओळींच्या मध्ये ती कोणाला शिवी घालते, हसताना खरं हसली की नुसते दात दाखवले.

तिचं नाव सांगणार नाही. ती कोरसमध्ये उभी राहायची तेव्हापासून मी तिला ओळखतो, म्हणून बाकी सगळे ‘मॅडम’ म्हणतात आणि मी ‘तू’. ती मला दादा म्हणते. मधल्या चार वर्षांत एका गाण्याने तिचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. आधी हॉटेलच्या लॉबीत बसून आमच्याबरोबर पत्ते खेळायची. मग लॉबीत येणं बंद झालं, मग खिडकीचा पडदा उघडणं. एकदा मला म्हणाली, “दादा, मी जांभई दिली तरी त्याचा व्हिडिओ होतो.” मी हसलो होतो. तिला झोप लागत नव्हती. झोपेसाठी काहीतरी घ्यायची आणि उठण्यासाठी आणखी काहीतरी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. टूरवर साठ माणसांचं घर एका माणसाच्या गळ्यावर चालतं, तिथे असलं मौन कोणाला शिकवावं लागत नाही.

आता मोल्डचं सांगतो, कारण मूळ गोष्ट तिथेच आहे.

इन-इअर, म्हणजे स्टेजवर कानात घालायचे इअरफोन, बनवताना कानात मऊ मसाला भरून ठसा घेतात आणि त्या मापाचं इअरपीस बनतं. हाच मोल्ड. तो कानात घट्ट बसला की बाहेरचा आवाज अडतो आणि आतला बेस टिकतो. थोडी जरी फट राहिली तरी पहिला बळी बेसचा. टूर सुरू होऊन काही आठवडे झाले आणि ती प्रत्येक शोला बेस मागायला लागली. “किक येत नाहीये, दादा.” किक म्हणजे ड्रमचा जाड ठोका. मी किक दिली. पुढच्या शोला परत तेच. मी पॅक, म्हणजे तिच्या कमरेचा रिसीव्हर, बदलला, फ्रिक्वेन्सी बदलली, केबल बदलली, इक्वलायझर उघडून तासभर डोकं खाजवलं. ती पॅकचा आवाज स्वतःच वाढवत होती. कानाला 85 डेसिबल आठ तास चालतो, पण दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 94 ला तासभरच उरतो. ती त्याच्याही वर होती.

मग एका साउंडचेकला तिने मान वळवली तेव्हा उजवं इअरपीस कानातून अर्धवट बाहेर आलेलं दिसलं. मी बोटाने दाबलं, तशी ती म्हणाली, “आली किक!” मला काय आनंद झाला सांगू! तीन आठवडे छळणारी भानगड सापडली होती. फोमची बारीक पट्टी कापून दोन्ही मोल्डना गुंडाळली, आणि त्या रात्री बेस अगदी झकास. प्लेबॅकवाल्याला, म्हणजे रेकॉर्ड केलेले ट्रॅक सोडणाऱ्याला, मी दोनदा तरी ऐकवलं की बघ, याला म्हणतात अनुभव.

प्लॅस्टिक आटत नाही आणि फुगतही नाही. वजन उतरलं की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि मोल्ड सैल पडतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. ठसा घेणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, वजनात मोठा फरक पडला तर पुन्हा या. म्हणजे ती किती खंगलीय हे सगळ्यात आधी, मापासकट, माझ्या हातात आलं होतं. आणि मी काय केलं, तर फोम लावला.

मग एका शोच्या दिवशी ती साउंडचेकला आलीच नाही. प्लेबॅकवाल्याने तिच्या माइकवर उभं राहून गाणी म्हटली, बेसूर. मॅनेजर म्हणाला, “डायरेक्ट येईल, टेन्शन घेऊ नका.” या माणसाला मी कधी टेन्शनमध्ये पाहिलेलं नाही. टेन्शन नेहमी दुसऱ्याने घ्यायचं असतं. ती आली तेव्हा इंट्रो वाजायला जेमतेम दहा मिनिटं होती. इअरपीस मीच घातले. कानामागे बोट लागलं तर त्वचा गार आणि ओली. फोमच्या पट्टीवर आणखी एक पट्टी लावावी लागली.

पहिली चार गाणी नीट गेली. नीट म्हणजे बाहेरच्यांसाठी. आत मला ऐकू येत होतं की ती ओळीच्या शेवटचं अक्षर सोडतेय, कारण तिथपर्यंत श्वासच पुरत नाहीये. तिच्या माइकला एक बटण आहे. ते दाबलं की आवाज स्पीकरमध्ये न जाता फक्त माझ्याकडे येतो. एरवी त्यावर “रिव्हर्ब कमी”, “पाणी” असलंच काहीतरी येतं. पाचव्या गाण्याआधी बटण दाबून ती म्हणाली, “दादा, हे लोक बंद कर ना.”

मला वाटलं, ती अ‍ॅम्बियन्सबद्दल बोलतेय. कान बंद असले की कलाकाराला कपाटात कोंडल्यासारखं होतं, म्हणून स्टेजच्या दोन्ही टोकांना प्रेक्षकांकडे तोंड करून माइक लावतात आणि गर्दीचा आवाज थोडा थोडा कानात सोडतात. इतक्या वर्षांत सगळ्यांनी मला तो वाढवायलाच सांगितलं आहे. टाळ्यांसाठी एक कान उघडा ठेवणारे कितीतरी पाहिलेत. बंद कर म्हणणारी ही पहिलीच. मी त्या माइकचे दोन्ही फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, खाली घेतले. हजारो माणसं समोर ओरडत होती आणि आमच्या दोघांच्या कानात नुसती क्लिक, टक टक टक. बटण अजून दाबलेलंच होतं. ती म्हणाली, “अजून दिसतायत.”

यावर टेबलावर कुठला फेडर असतो?

नवव्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याला आवाज आलाच नाही. तोंड उघडलं, हवा आली, सूर नाही. हेडसेटवर मॅनेजर ओरडला, “गाइड उचला, गाइड!” प्रत्येक गाण्यात तिचाच स्टुडिओतला आवाज क्लिकबरोबर वेगळ्या चॅनलवर चालत असतो. ती आमची कुबडी. बहुतेक मोठ्या शोमध्ये असते आणि तिकीट काढणाऱ्यांना ती माहीत नसते. मैदानातल्या टेबलवाल्याने ती बाहेर उचलली. मी तिच्या कानात उचलली, नाहीतर ओठ कुठे जुळवणार? म्हणजे दोन वर्षांपूर्वीची, रात्री झोपणारी, पत्ते खेळणारी ती पोरगी आताच्या तिच्या कानात गायला लागली. ती ओठ हलवत राहिली. कडवं संपलं, म्युझिक पीस आला, बटण दाबलं गेलं.

“ही छान गाते.”

बाकीचा शो आम्ही असाच काढला. कोणाच्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओंखाली लोक एनर्जीचं कौतुक करत होते. मॅनेजरने पाठीवर थाप मारली, “वाचवलंत.”

कोणाला वाचवलं, यावर मी तेव्हापासून अडकलोय. आम्ही सावरलं नसतं तर काय झालं असतं, त्याचा नमुना आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी पाहिलाय. 18 जून 2011, बेलग्रेड. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसला शब्द आठवेनात, उभं राहवेना, खाली गर्दी हुर्यो उडवतेय आणि मागे बँड वाजवतोय. मी त्या बँडकडेच बघत बसतो. थांबायचं की नाही, हे कोणीच ठरवू शकत नव्हतं. पुढची टूर रद्द झाली आणि 23 जुलैला ती लंडनच्या घरात मेलेली सापडली, 27 वर्षांची. रक्तात 100 मिलिलिटरमागे 416 मिलिग्रॅम अल्कोहोल, तिथे गाडी चालवायची मर्यादा 80 आहे. त्या व्हिडिओवर हसलेले लोक महिन्याभरात मेणबत्त्या घेऊन तिच्या दारात उभे होते. मला पब्लिकचं काही सांगू नका.

पण म्हणून लपवणं बरं, असंही म्हणवत नाही. ब्रिटनी स्पीअर्स 2013 च्या अखेरीपासून 2017 पर्यंत लास व्हेगासमध्ये शोमागून शो करत होती आणि त्या सगळ्या काळात कोर्टाने तिच्या पैशांचा आणि आयुष्याचा ताबा दुसऱ्यांकडे दिलेला होता. शो उभा करण्याइतकी ठणठणीत, स्वतःचे निर्णय घेण्याइतकी नाही. हा कारभार 2008 ते 2021 चालला.

आणि बोलून काय होतं? मायकल जॅक्सनच्या शेवटच्या तालमींचा दिग्दर्शक केनी ऑर्टेगा, त्याने 20 जून 2009 ला आयोजकांना ई-मेल लिहिला होता की हा माणूस थरथरतोय, याला मानसिक तपासणीची गरज आहे. त्याच दिवशी मीटिंग झाली आणि जॅक्सनच्या डॉक्टरने त्यालाच सुनावलं: तुम्ही दिग्दर्शन बघा, तब्येत माझ्यावर सोडा. 25 जूनला जॅक्सन गेला. तोच डॉक्टर पुढे त्या मृत्यूसाठी दोषी ठरला. ऑर्टेगाने निदान लिहिलं तरी. माझ्याकडे तर ठरावीक कॉलम होते: बेस कमी, फ्रिक्वेन्सी क्लीन, फोम लावला. तेवढंच लिहून मी रोजचा रिपोर्ट पाठवत होतो.

आणखी एक. आमचं टेबल प्रत्येक शो चॅनलनिहाय रेकॉर्ड करतं, टॉकबॅकसकट, म्हणजे त्या बटणावर बोललेल्यासकट. हार्ड डिस्क मॅनेजमेंटला द्यायची असते. त्या रात्री मी टॉकबॅकचा ट्रॅक पुसून डिस्क दिली. तिचं ते बोलणं कोणाच्या हाती लागू नये म्हणून पुसला, असं मी स्वतःला सांगतो. पण तेच बोलणं एखाद्या डॉक्टरने किंवा तिच्या आईने ऐकलं असतं तर? मॅनेजरच्या सोयीचं जे होतं तेच मी न सांगता करून टाकलं, हेही तितकंच खरं.

दोन शोनंतर टूर थांबली. कारण दिलं घशाचा संसर्ग. सात महिने तिचा काही पत्ता नव्हता.

गेल्या महिन्यात मोल्डवाल्याकडून पार्सल आलं. तिने नवा ठसा दिला होता आणि जोडणी तपासायला सेट माझ्याकडे पाठवला होता. जुना सेट माझ्या ड्रॉवरमध्येच होता, फोमच्या दोन पट्ट्यांसकट. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. फोम काढून टाकला तर नवा मोल्ड जुन्यापेक्षा नखभर जाड होता. मी तो बराच वेळ बोटांत फिरवत बसलो.

त्याच संध्याकाळी मॅनेजरचा मेल आला. नव्या तारखांची यादी, आणि खाली एक ओळ: गाइडचा चॅनल मागच्याच नंबरवर ठेवा.