रेझ्युमेमधून गाळलेले १४ महिने

अर्जाची मुदत त्याच रात्री १२ वाजता संपणार होती आणि ती दुपारी अडीचला माझ्यासमोर येऊन बसली. हॉकीची गोलकीपर, वय २७, खेळणं थांबवून वर्ष झालेलं. अर्ज करायचा होता एका महिला संघाच्या व्हिडिओ विश्लेषकाच्या जागेसाठी. याआधीच्या पाच अर्जांना साधं उत्तरही आलं नव्हतं.

खेळाडूंचे रेझ्युमे नोकरीसाठी उभे करून देणं हे माझं काम. कागद वाचायच्या आधी मी पीडीएफ उघडते, सगळा मजकूर कॉपी करते आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करते. अर्ध्या मिनिटाची तपासणी, पण मी ती कधीच टाळत नाही. बऱ्याच ठिकाणी अर्ज माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याच्या हाती साधारण एवढंच लागतं. तिचा साचा दोन रकान्यांचा होता. डावीकडे फोटो, उंची, वजन आणि कौशल्यांपुढे तारे, उजवीकडे कारकीर्द. नोटपॅडमध्ये ओळ उमटली ती अशी: ‘गोलकीपर एक्सेल वरिष्ठ संघ इंग्रजी २०१९’. मोबाइल नंबर आलाच नाही, कारण तो चित्रात बसवलेला होता. म्हणजे तिला बोलवायचं ठरवलं असतं तरी फोन कुठे करणार?

साचा तिथेच सोडला. एक रकाना, साधी शीर्षकं, तक्ते नाहीत, तारे नाहीत. एक्सेलपुढे चार तारे दिसले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘एक्सेलमध्ये पिव्होट तक्ते आणि फिल्टर वापरून सामन्यांच्या नोंदी’ असं लिहिलं की कळतं. उंची-वजन खेळाडू म्हणून निवड चाचणीला जाताना लागतं. विश्लेषकाच्या अर्जात त्याचं काही काम नाही.

मग मजकूर. दोन पानांपैकी दीड पान पदकांचं. दुसऱ्या पानाच्या तळाशी, छंदांच्या वर, एक ओळ: ‘संघाच्या व्हिडिओ विश्लेषणातही मदत केली.’

“हे कधीचं?” मी विचारलं.

“गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं ना मॅडम, तेव्हाचं. १४ महिने मैदानाबाहेर होते. कोच म्हणाले, बसूनच आहेस तर व्हिडिओचं बघ. पुढे खेळायला लागल्यावरही ते माझ्याकडेच राहिलं.”

“मग ते १४ महिने कागदावर का नाहीत?”

“खेळलेच नाही, तर लिहायचं काय?”

ज्या कामासाठी ती अर्ज करत होती ते काम तिने नेमकं त्याच काळात सुरू केलं होतं आणि तोच काळ तिने गाळला होता. दुखापतीचा काळ लपवायचा असतो, असा समज खेळाडूंमध्ये खोलवर बसलेला असतो. लिगामेंट, शस्त्रक्रिया यातलं काहीही लिहायची गरज नसते. त्या काळातलं काम महिना-वर्षासह लिहायचं, बस. नुसती वर्षं लिहिली की मधली फट उलट जास्त डोळ्यांत येते.

जाहिरात छापून घेतली आणि दोन रंगांत खुणा केल्या: आवश्यक काय आणि असल्यास उत्तम काय. आवश्यक तीन गोष्टी होत्या. सामन्याचं कोडिंग (व्हिडिओ पाहत महत्त्वाच्या घटनांवर खुणा करून नोंद ठेवणं), ठरलेल्या वेळेत क्लिप देणं, प्रशिक्षकांसमोर मांडणी. प्रत्येकीसमोर तिच्या कामातला पुरावा हवा होता. “किती सामने केलेस?” तर उत्तर “खूप”. लॅपटॉप उघडायला लावला. सामन्यांचे फोल्डर मोजले, ३४ निघाले. त्यातल्या तीन सामन्यांचं कोडिंग अर्धवट होतं, म्हणून लिहिले ३१. स्प्रेडशीटमध्ये विरोधी संघांच्या पेनल्टी कॉर्नरच्या १४७ ओळी होत्या. पेनल्टी कॉर्नरला एक खेळाडू गोलच्या बाजूच्या रेषेवरून चेंडू आत ढकलते (ते इंजेक्शन), स्टॉपर तो थांबवते आणि मग गोलवर फटका बसतो. नऊ ओळींत फटक्याची दिशा भरलेली नव्हती, म्हणून १३८. मुलाखतीत कोणी स्प्रेडशीट उघडायला सांगितलं तर आकडा तिथे तसाच दिसला पाहिजे.

मूळ ओळीच्या जागी आता हे आलं: ‘दोन हंगामांत ३१ सामन्यांचं कोडिंग, प्रत्येक सामन्याच्या क्लिप दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीआधी प्रशिक्षकांकडे. विरोधी संघांच्या १३८ पेनल्टी कॉर्नरची नोंद: इंजेक्शनची बाजू, स्टॉपरने चेंडू थांबवण्याची जागा, फटक्याचा प्रकार, दिशा.’ किती, कशाचं, किती वेळात, कोणासाठी. या चार प्रश्नांची उत्तरं एका ओळीत बसली की ती ओळ उभी राहते. ‘मेहनती’, ‘संघभावना असलेली’ हे शब्द खोडले. पदक मिळवलेल्या गोलकीपरला ते वेगळं सांगावं लागत नाही.

दोन ओळींवर मात्र आमची बरीच चर्चा झाली. पहिली, ‘स्पोर्टस्कोड येतं’, म्हणजे सामन्यांच्या कोडिंगचं सॉफ्टवेअर. खोदून विचारलं तर दोन शिकवणीचे व्हिडिओ पाहिले होते, एवढंच. जाहिरातीत ते ‘असल्यास उत्तम’ या रंगात होतं, तरी ओळ काढली. मुलाखतीत समोर कोडिंग विंडो उघडून दिली तर पहिल्या मिनिटाला उघडं पडलं असतं. त्याऐवजी जे खरं होतं ते लिहिलं: किनोव्हिया या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये क्लिप संथ करून कोन मोजणं आणि कोडिंगचा स्वतः आखलेला ११ खुणांचा साचा. साचा आखता येणाऱ्याला नवं सॉफ्टवेअर शिकवता येतं, हे निवड करणाऱ्यांना माहीत असतं.

दुसरी ओळ मैत्रिणीने सुचवलेली होती: ‘माझ्या विश्लेषणामुळे संघाने उपांत्य फेरी गाठली.’ पेनल्टी कॉर्नरच्या बचावात गोलकीपर धरून पाच जणी असतात, शिवाय प्रशिक्षक, फिजिओ, समोरच्या संघाचा दिवस. एका विश्लेषकाने निकाल आपल्या नावावर घेतला की वाचणारा पुढच्या सगळ्या ओळींवर शंका घेतो. निकाल सोडून निर्णय लिहायचा, म्हणजे नोंदींवरून सरावात काय बदललं ते. तिच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या रशरच्या (फटका अडवायला गोलमधून पुढे धावणाऱ्या बचावपटूच्या) धावण्याच्या दोन नव्या रचना तिच्या नोंदींवरून आल्या होत्या.

संदर्भ म्हणून कोचचं नाव द्यायचं होतं, म्हणून आधी त्यांची परवानगी घ्यायला सांगितली. हे बरेच जण विसरतात. फोन स्पीकरवर होता. तिने ओळ वाचून दाखवली. कोच थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “डावीकडून धावायची रचना तुझीच गं. दुसरी मी आधीपासून वापरत होतो.” तिचा चेहरा उतरला. ओळीत ‘दोन रचना’च्या जागी ‘एक रचना’ लिहिलं. कोच पुढे म्हणाले, “मला कोणी विचारलं तर ती एक मी नीट समजावून सांगेन.” निवड समितीचा फोन त्यांना गेला असता तेव्हा ‘दोन’ शब्दाने केवढं नुकसान केलं असतं, याची कल्पना तिला तिथेच आली.

पदकांचं दीड पान चार ओळींवर आलं. स्पर्धेचा स्तर, वर्ष, भूमिका. ‘निवड झाली’, ‘संघात होते’ आणि ‘सामना खेळले’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे जी खरी तीच लिहिली. सगळं एका पानात बसलं. फाइलच्या नावात तिचं नाव आणि पद घातलं, आधी ते ‘फायनल नवीन २’ होतं.

कामाचा नमुना जोडताना तिने संघाच्या क्लिपच जोडल्या होत्या. त्या संघाच्या मालकीच्या, लेखी परवानगीशिवाय बाहेर द्यायच्या नाहीत. खेळाडूंची जीपीएसची किंवा वैद्यकीय माहिती तर कधीच नाही. त्याऐवजी संघांची आणि खेळाडूंची नावं काढून कोऱ्या मैदानाच्या आकृतीवर तीन पेनल्टी कॉर्नर काढले, खाली दोन-दोन ओळींचा निष्कर्ष. लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहिली, तर परवानगी मागत होती. सेटिंग बदललं, माझ्या फोनवरूनही उघडून पाहिलं. अर्ज रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला.

नऊ दिवसांनी तिचा फोन आला. मुलाखतीत तीच आकृती टेबलावर ठेवली होती आणि पहिला प्रश्न होता: चेंडू थांबवण्याची जागा वेगळ्या रकान्यात का नोंदवली, सहसा कोणी नोंदवत नाही.

“मी म्हटलं, गोलमध्ये उभं राहिलं की सगळ्यात आधी तेच दिसतं,” ती म्हणाली. “चेंडू नेहमीच्या जागेपासून हातभर सरकून थांबला की माझा पाय आधी हलायचा, डोक्यात विचार नंतर यायचा. ते मला लिहून ठेवायचं होतं.”